टार्गेट पूर्ण झालं, पण झोप कुठं गेली?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक बाई रात्री साडेनऊ वाजता घरी आल्या. हातात पोराच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. पोरगा सव्वीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला, एका कंपनीच्या फवारणीच्या औषधांच्या विक्रीत लागलेला. चिठ्ठीवर रक्तदाब लिहिला होता १५०/१०० आणि त्याखाली झोपेची गोळी. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही याच लाइनमध्ये होते ना? पोरगं धड जेवत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलकडे पाहत राह्यते. बोललं की अंगावर येते. डॉक्टरनं गोळी देल्ली, पण त्याले झालं काय ते कोणालेच कळलं नाही."

मला कळलं. मी स्वतः १९ वर्षं बियाण्यांच्या विक्रीत मोटारसायकलवर काढली आहेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहाही तालुके मी समृद्धी महामार्ग होण्याच्या आधीपासून धुळीतून पालथे घातले. (महामार्ग झाला तरी आमचा फायदा शून्यच. त्यावर दुचाकीला परवानगी नाही.) आता गुडघे आणि कंबर दोन्ही बोलू लागल्यामुळे घरीच किराणा दुकान टाकलं आहे. म्हणजे विक्री सुटली नाहीच. म्हणून संपादकांनी आरोग्याच्या पानासाठी लिहा म्हटल्यावर मी मधुमेह किंवा सांधेदुखीवर न लिहिता यावर लिहायचं ठरवलं. आपल्या वस्तीतली जवळजवळ प्रत्येक गल्लीतली चार पोरं आज काही ना काही विकून जगतात, आणि त्यांच्या आजाराला अजून कोणी नाव दिलेलं नाही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पण मोठा कारखाना आला नाही. खरिपात सोयाबीन, मग तूर, पाणी असेल तर हरभरा-गहू, एवढ्यावर इथला पैसा फिरतो. शिकलेल्या पोरांपुढं रस्ते थोडे. स्पर्धा परीक्षेची दोन-चार वर्षं संपली की मग कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसणं, बियाणं-औषधाच्या कंपनीत हंगामी माणूस म्हणून लागणं, एमआर होणं, विम्याची एजन्सी घेणं, मोबाईलच्या दुकानात उभं राहणं, नाहीतर फायनान्स कंपनीत कर्ज वाटून हप्ते गोळा करणं. आयाबाया बचत गटाचे पापड-मसाले विकतात, बांगड्या-साड्या घेऊन गावोगाव जातात, आठवडी बाजारात पाल टाकतात. या सगळ्या कामाला विक्री असंच म्हणतात. तरीही घरात विचारलं की आई म्हणते, "सध्या असंच काहीतरी करते पोरगा, नोकरी लागली की सोडून देईन."

माझं पहिलं भांडण इथंच आहे. ज्या कामात पोरगा दिवसाचे बारा तास घालवतो त्याला "असंच काहीतरी" म्हटलं की तो दिवसभर बाहेर खोटं हसतो आणि संध्याकाळी घरात मान खाली घालून बसतो. त्याला दोन्हीकडे जागा राहत नाही.

आता या कामात माणूस नेमका कशानं झिजतो ते पाहू. बाहेरच्याला वाटतं ऊन, धूळ, खड्डे. तेही आहेच. पण उन्हानं दमलेला माणूस रात्री गाढ झोपतो. झोप उडते ती दुसऱ्या कारणानं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांनी विमानातल्या परिचारिका आणि थकलेली बिलं वसूल करणारी माणसं यांच्या कामाचा अभ्यास केला होता. एका कामात कायम गोड हसायचं, दुसऱ्यात कायम दरडावायचं. दोन्हीकडे कंपनी माणसाच्या हातापायांसोबत त्याच्या भावनाही कामाला लावते. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं रोज वागावं लागलं की माणसाला स्वतःचं खरं वाटणं कोणतं तेच ओळखू येईनासं होतं. त्या बाईंचा पोरगा घरी आल्यावर अंगावर का येतो, याचं उत्तर मला त्यात सापडलं. दिवसभर गिळलेला राग जिथं भीती नाही तिथंच बाहेर पडतो, आणि ती जागा म्हणजे आई.

आपल्या पोरांना याच्यावर आणखी एक थर असतो. गावात गेलं की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "साहेब, पूर्ण नाव काय म्हटलं?" मी सुरुवातीची सहा-सात वर्षं फक्त पहिलं नाव सांगायचो. एका गावी पाच जणांना चहा आला. चौघांना कपबशीत, मला कागदी कपात. मी तो प्यायलो आणि वर हसून "चहा छान आहे" म्हणालो, कारण त्या घरातून मला ऑर्डर हवी होती. आज इतक्या वर्षांनीही तो चहा मला आठवतो, ऑर्डर किती निघाली ते आठवत नाही. बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडल्यावर १९१७-१८ च्या काळात मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाला गिऱ्हाइकानं असं नाकारलं असेल, तर आपल्या पोराला मिळालेला प्रत्येक नकार त्याच्या बोलण्यातल्या चुकीमुळेच मिळाला असं कोणी समजू नये. पोरांनी तर मुळीच समजू नये. नकाराचा हिशोब करताना हा भाग वेगळा काढून ठेवा, तो तुमच्या खात्यावरचा नाही.

पण सगळं बाहेरच्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. आता मी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, ती सांगायला मला सोपी नाही.

२०२० चं खरीप. कोरोनाचा लॉकडाऊन, बाजार अर्धे बंद, आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या वेळी पडलेल्या पावसानं सोयाबीनचं बियाणं भिजलेलं. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं. ओल लागली, आपट बसली की वरून दाणा चांगला दिसतो पण आतला अंकुर मेलेला असतो. आम्हा फिरणाऱ्या लोकांना मे महिन्यातच कुजबुज ऐकू येत होती की यंदा उगवण कमी आहे. मी ज्या कंपनीत होतो तिथल्या वरच्या साहेबांना मी विचारलं. उत्तर आलं, "लॉट पास आहे, तू टार्गेट पाहा." मी टार्गेट पाहिलं. शेतकरी विचारायचे, "भाऊ, उगवते ना?" आणि मी म्हणायचो, "काका, माझी गॅरंटी." कंपनीनं गॅरंटी दिली नव्हती. माझ्या तोंडून ती निघत होती.

त्या जूनमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. अनेक कंपन्यांचं बियाणं त्यात होतं. मालेगाव तालुक्यातल्या एका गावातले एक काका, वय साठीच्या पुढं, पाच एकर, त्यांनी माझ्या शब्दावर पाच बॅगा नेल्या होत्या. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. नंतर दुसऱ्या गावचा आला, तोही नाही उचलला. मोबाईल बंद केला. तीन दिवस घरात बसलो, बायकोला सांगितलं ताप आहे. ताप नव्हता. छातीत धडधड, हाताला घाम, डोळा लागला की कोणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. चौथ्या दिवशी छातीत दुखलं म्हणून ईसीजी काढला. ईसीजी चांगला होता. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मनात म्हटलं, टेन्शन मी घेतलं नाही, मी ते पाच-पाच बॅगांच्या हिशोबानं लोकांना विकलं होतं, ते परत आलं.

पाचव्या दिवशी माझी आई म्हणाली, "बाबू, तो माणूस तुले खाणार हाय काय? जाऊन ये." मी गेलो. काका वावरातच होते. ओळीच्या ओळी उघड्या, कुठं कुठं एखादं रोप. मला पाहून ते काही बोलले नाहीत, फक्त तांब्या पुढं केला. पाणी प्यायलो. मग म्हणाले, "तुमच्या भरोशानं पेरलं होतं, भाऊ." मी म्हणालो, "काका, मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला शंका होती आणि मी बोललो नाही."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास खालपर्यंत गेला. मी कविता करत नाही, जे झालं ते सांगतो. मग आम्ही पावती शोधली, बॅगेवरचा टॅग शोधला, डब्यात उरलेलं मूठभर बियाणं बांधून ठेवलं आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिला. तालुक्याला बियाण्याच्या तक्रारीसाठी समिती असते, ती वावरात येऊन पंचनामा करते. पावती, टॅग आणि थोडं बियाणं हे तिन्ही नसलं तर तक्रार लुळी पडते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. कंपनीनं नेहमीप्रमाणे पेरणी खोल झाली, पाऊस कमी होता, अशी कारणं दिली. काकांना दुबार पेरणी करावी लागली, तिचा पूर्ण खर्च काही निघाला नाही. मी माझ्या त्या महिन्याच्या पगारातून एका बॅगेचे पैसे दिले, ते त्यांनी मोठ्या नाराजीनं घेतले. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे लागलो.

त्या वर्षानंतर मी एक सवय लावून घेतली. बॅग विकताना सांगायचो, "काका, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरानं मोजा. सत्तर उगवले तर पेरा, कमी उगवले तर बॅग परत आणा, मी दुकानदाराशी बोलतो. आणि चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय घाई करू नका." हे कृषी खातं दरवर्षी सांगतं, माझं काही नवं नव्हतं. पण विकणाऱ्याच्या तोंडून ते ऐकायची कोणाला सवय नव्हती. माझं टार्गेट त्यानंतर एकदाही शंभर टक्के झालं नाही. नव्वदच्या आसपास राहिलं. इन्सेंटिव्ह गेला, साहेबांची बोलणी खाल्ली. पण फोन बंद करायची वेळ पुन्हा आली नाही.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. अनाथपिंडिक म्हणजे व्यापारी माणूस, खरेदी-विक्रीतलाच, तेव्हा हा उपदेश आपल्या धंद्यातल्या माणसाला केलेला आहे असं मी मानतो. कष्टानं, न्यायानं मिळवलेलं धन आपल्याजवळ आहे याचं सुख, ते आपण उपभोगतो आणि चांगल्या कामाला लावतो याचं सुख, कोणाचं देणं नाही याचं सुख, आणि काया-वाचा-मनानं आपल्याकडून दोष घडला नाही याचं सुख. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढीही भरत नाहीत, असं तिथं म्हटलं आहे. तरुणपणी विहारात हे ऐकलं तेव्हा मला ते उपदेशासारखं वाटलं होतं. मालेगावच्या वावरातून परतताना तो मला हिशोब वाटला.

तिसऱ्या सुखाबद्दल विक्रीतल्या पोरांशी स्पष्ट बोललं पाहिजे. महिन्याच्या २८-२९ तारखेला टार्गेट कमी पडलं की काय करतात हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या दुकानदाराकडे नको असलेला माल कोंबायचा, नाहीतर स्वतःच्या खिशातून, उसनवारीनं माल उचलायचा आणि पुढं कमी भावात विकायचा. कागदावर टार्गेट झालं, साहेबांनी ग्रुपवर टाळ्यांचं चित्र टाकलं, आणि पोरगा चाळीस हजारांच्या कर्जात. पुढच्या महिन्यात टार्गेट वाढून येतं, कारण मागच्या महिन्यात "जमलं" होतं. असा मुलगा घरी सांगत नाही. आईवडिलांनो, पगाराचा आकडा विचारता तसं "तुझ्यावर कोणाचं देणं तर नाही ना?" हेही शांतपणे विचारत जा. रागावून विचारलं तर खोटं उत्तर मिळेल.

आता त्या औषधाकडे येतो. आपल्या भाषेनंच आपली फसगत केली आहे. पिकावर मारायच्या विषाला आपण औषध म्हणतो. सम्यक आजीविकेच्या बाबतीत उपासकानं जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितलं आहे, त्यात शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष येतात. मग आपल्या पोरांनी कीटकनाशक विकू नये का? काही उपासक मला म्हणतात, सोडून द्यावं. मला ते इतकं सोपं वाटत नाही. जिल्ह्यात दुसरं काम नाही, पिकाला कीड लागते हेही खरं आहे, आणि आपण सोडलं तर दुसरा विकणारच. पण "दुसरा विकणारच" हा युक्तिवाद दारूच्या दुकानदाराचाही असतो, त्यामुळे त्याच्यावर मी फार विसंबत नाही.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, तोंडाला फडकंही नाही, वारा अंगावर. २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. फवारा पाठीवर घेणारा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन मजूर असतो. तो आपल्या वस्तीतला काका असतो, मामा असतो. म्हणजे आपलाच पोरगा दुकानात विकतो आणि आपलाच माणूस वावरात श्वासातून घेतो. मधल्या शेतकऱ्याला पोरानं काय सांगितलं यावर त्या मजुराचा जीव अवलंबून असतो.

म्हणून माझं मत असं: विकायचंच तर डब्यावरचा त्रिकोण दाखवून विका. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवासुद्धा विषच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग दिसतो. "हेही मारा, तेही मिसळा" असं सांगून दोन डबे जास्त खपवणं बंद करा. फवारणाऱ्याला घाम सुटणं, तोंडाला लाळ येणं, डोळ्यांपुढं अंधुक होणं, उलटी, अंग थरथरणं असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला काय विष आहे ते कळेल. आणि चोर बीटीच्या पाकिटांना हात लावू नका. बिनपावतीचं बियाणं गावात पोहोचवायला कमिशनवर आपलीच पोरं धरतात, पकडली की मालक सापडत नाही, पोरगा सापडतो.

फायनान्सच्या वसुलीवाल्या पोरांचं दुखणं याच जातीचं. ज्या मावशीनं लहानपणी भाकर दिली तिच्याच दारात हप्त्यासाठी उभं राहायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे, शिवीगाळ आणि धमकीलाही आहे. हा नियम बायांनी पाठ करावा आणि पोरांनीही, कारण साहेबाला नाही म्हणायला तो कामी येतो.

शरीराचं थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हंगामात आपल्या पोरांचे ७० तास सहज होतात. रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आला तर डॉक्टर गाठा, आणि गोळी सुरू झाली तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करू नका. तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, पण विक्रीतला माणूस उपकेंद्राच्या वेळेत कधी गावात नसतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी वस्तीत शिबिर लावायला सांगा. दुपारचं जेवण म्हणजे चौकातली कचोरी, आणि पाणी नाही. मग मुतखडा. डब्बा न्या, डब्याची लाज कसली?

खऱ्र्याबद्दल मात्र मी थोडक्यात बोलणार नाही. दुकानदारानं खर्रा पुढं केला की नाही म्हणता येत नाही, हाच आमच्या लाइनचा नमस्कार झाला आहे. मीही अकरा वर्षं खाल्ला. त्यानं भूक मरते, म्हणून जेवण टळतं आणि पैसे वाचल्यासारखे वाटतात. आरशासमोर उभं राहून तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे जा. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मी सोडला तो एका युक्तीनं. खर्रा पुढं आला की म्हणायचो, "डॉक्टरनं बंद केला, चहा पाजा." धंदा एका रुपयानंही कमी झाला नाही.

बाजारात बसणाऱ्या आपल्या भगिनी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जवळ मुतारी नाही. लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं हे त्यांच्यात इतकं नेहमीचं आहे की त्या त्याला आजारच मानत नाहीत. हे डॉक्टरचं काम कमी आणि नगरपरिषदेचं जास्त आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहरात जी नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या बाया त्या समितीत बसल्या तर स्वच्छतागृहाचा विषय पहिल्या बैठकीत निघेल.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "आनंदी विक्रेता" घडवणाऱ्या शिबिरांची. हॉटेलचा हॉल, सुटाबुटातला माणूस, मोठ्यानं गाणं. तो सांगतो, प्रॉब्लेम मार्केटमध्ये नाही, तुमच्या डोक्यात आहे. पोरगा डोकं घेऊन घरी येतो आणि ते आणखी दुखतं. पाऊस न पडल्यानं औषध खपलं नाही, तर त्यात डोक्याचा काय संबंध? विक्रीतला आनंद टाळ्या वाजवून येत नाही. पगार वेळेवर होणं, टार्गेट पावसापाण्याकडे पाहून ठरणं, रविवारी फोन न येणं, यातून तो येतो. औषध कंपन्यांचे एमआर हे ओळखून होते. १९६३ पासून त्यांचा देशपातळीवरचा महासंघ आहे. त्यांच्या लढ्यानंतर १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि नियुक्तिपत्र, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी यांचा हक्क कागदावर आला. त्या कायद्याची जागा आता नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, पण नियुक्तिपत्राची अट त्यांतही आहे. तरीही बियाणं-औषधाच्या हंगामी पोरांना विचारलं, "पत्र आहे का?" तर ती व्हॉट्सअॅपवरचा मेसेज दाखवतात. पहिल्या दिवशी पत्र मागा. मागायला लाज वाटत असेल तर दोघांनी मिळून मागा.

त्या बाईंच्या पोराला मी दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावलं. आधी तो बोललाच नाही. मी त्याला माझी २०२० ची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं मान वर केली. त्याच्यावर ३२ हजारांची उसनवारी होती, टार्गेट भरायला उचललेल्या मालाची. आईला माहीत नव्हतं. ते त्यानं त्याच रात्री आईला सांगितलं. आई रडली, मग उठून भाकरी टाकली. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारून दीड महिन्यानं बंद झाली. रक्तदाब डिसेंबरात १३४/८६ होता, अजून दर महिन्याला तपासतो. मधल्या काळात फारच वाईट वाटायचं तेव्हा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर तो दोनदा बोलला. तिथं मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, नाव विचारून कोणी हसत नाही.

नोकरी त्यानं सोडली नाही. दोन डबे जास्त खपवायचं मात्र सोडलं, आणि आता गावात पूर्ण नाव सांगतो. एका दुकानदारानं त्यानंतर माल घेणं कमी केलं, असं त्याचं म्हणणं आहे.

परवा त्याचा फोन आला. कंपनीनं पुढच्या खरिपाचं टार्गेट वाढवलं आहे. तो म्हणाला, "काका, रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बसू. रिसोडचे दोघं आणि फायनान्सवाले दोघं येतो म्हणाले. पत्राचा मसुदा तुम्ही लिहून ठेवा."